प्रयोगशाळेला वीस लाख, मार्गदर्शकाला शून्य

एप्रिल-मेच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या वस्त्यांमधली बीएस्सी, एमएस्सीची मुले कामाला लागतात. कोणी लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून उभा राहतो, कोणी पाठीवर बॅग टाकून घरोघरी जेवण पोहोचवतो, मुली दीड-दोन महिन्यांसाठी कपड्यांच्या दुकानात लागतात. गोंदिया-गडचिरोलीकडचा विद्यार्थी असेल तर तो घरच्यांबरोबर तेंदूपाने तोडायला जातो. यातल्या कोणत्याही कामाला आम्ही कमी लेखत नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी ती केलेली आहेत. पण तीन वर्षे रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीला सुट्टीच्या त्या सहा आठवड्यांत तिच्या रसायनशास्त्राचे पैसे कोणी देत नाही, हे आम्हाला खटकते. त्याच सहा आठवड्यांत तिच्याच गल्लीत आठवी-नववीतली वीस मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात. विज्ञानातला एखादा प्रश्न स्वतः कसा सोडवायचा, हे त्यांना दाखवणारे कोणी नसते.

या दोघांची गाठ घालून देणारी एक नोकरी जगात आहे. ती उन्हाळ्यापुरती असते, तिचा पगार मिळतो आणि ती विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींनाच दिली जाते. काम एकच: शाळेतल्या मुलांना संशोधन करायला शिकवायचे. आपल्याकडे ती जवळपास नाहीच. हा विषय आज काढायचे कारण असे की, केंद्र सरकार शाळांमधल्या प्रयोगशाळांवर मोठा खर्च करायला निघाले आहे आणि त्या खर्चात मार्गदर्शकाच्या मोबदल्याचा रकाना कोरा आहे.

आधी ही नोकरी कशी असते ते पाहू. सोव्हिएत रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या मुलांच्या विज्ञानाची काळजी लागली. त्या वातावरणात १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॅचर स्कूलमध्ये 'समर सायन्स प्रोग्रॅम' सुरू झाला. तो आजही चालतो, आता अनेक विद्यापीठांत. शाळेच्या वरच्या वर्गातली मुले पाच-सहा आठवडे एकत्र राहतात, तिघातिघांचे गट करतात, दुर्बिणीतून एखाद्या लघुग्रहाची निरीक्षणे घेतात आणि त्यावरून त्याची कक्षा स्वतः गणित करून काढतात. दिवसा प्राध्यापक शिकवतात. पण रात्री उशिरा एखाद्या गटाचे उत्तर जुळत नाही, कुठेतरी उणे चिन्ह सुटलेले असते आणि मुले रडकुंडीला येतात, तेव्हा त्यांच्याजवळ बसायला प्राध्यापक नसतो. तिथे असतो कॉलेजात शिकणारा विशीतला मुलगा किंवा मुलगी. ते त्याच वसतिगृहात राहतात. राहणे-जेवण मिळते, वर पगारही मिळतो. १९८४ मध्ये सुरू झालेली आणि आता एमआयटीत भरणारी 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' घ्या, किंवा बोस्टन विद्यापीठात १९८९ पासून चालणारे 'प्रॉमिस' हे गणिताचे शिबिर घ्या. रचना थोड्याफार फरकाने हीच आहे. यातले अनेक मार्गदर्शक पूर्वी त्याच शिबिरात विद्यार्थी म्हणून येऊन गेलेले असतात.

प्राध्यापक असताना विद्यार्थी कशाला, असे कोणी विचारेल. जो नुकताच एखाद्या चढावरून वर आला आहे त्याला कुठे पाय घसरतो हे ताजे आठवत असते. वीस वर्षांपूर्वी चढून गेलेल्याला ती जागा सपाटच वाटते. शिवाय पंधरा वर्षांच्या पोराला विभागप्रमुखांना 'मला काहीच कळले नाही' असे सांगता येत नाही. दादाला किंवा ताईला सांगता येते.

अमेरिकेची दुसरी एक गोष्ट या शिबिरांपेक्षाही आपल्या कामाची आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. तिथे १९६४ च्या कायद्याने 'फेडरल वर्क-स्टडी' योजना सुरू झाली. गरजू विद्यार्थ्याने शिकता शिकता काम करायचे आणि त्याच्या पगाराचा मोठा वाटा केंद्र सरकारने उचलायचा. आपल्या 'कमवा व शिका'चीच जातकुळी. पण त्या कायद्यात एक अट आहे: विद्यापीठाला मिळालेल्या या निधीतली किमान ७ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांच्या पगारावर खर्च झालीच पाहिजे. मुलांना वाचन किंवा गणित शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर विद्यापीठाचा वाटाही माफ होऊ शकतो. सगळा पगार सरकार देते. गरीब विद्यार्थ्याने मुलांना शिकवणे ही फुकट करायची समाजसेवा आहे, असे तो कायदा मानत नाही.

तिथे सगळे सोन्याचे आहे असेही नाही. गेल्या काही वर्षांत तिथे हाच 'संशोधन मार्गदर्शना'चा मोठा धंदा झाला आहे. श्रीमंत पालक हजारो डॉलर भरतात, कंपनी एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला तासावर लावते आणि शेवटी सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर कुठल्याशा नियतकालिकात शोधनिबंध छापून येतो, म्हणजे कॉलेजप्रवेशाला वजन येते. 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये हा प्रकार सविस्तर उघड केला. आपल्या महानगरांतल्या महागड्या शाळांपर्यंतही ही लाट पोहोचलेली आहे. दुसरीकडे सरकारी दारे बंद होत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२५ चा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रमच रद्द केला आणि त्याच वर्षी 'वर्क-स्टडी'चा निधी मोठ्या प्रमाणावर कापण्याचा प्रस्ताव आला. सरकार हात काढून घेते आणि बाजार आत शिरतो, हे वाचताना आपल्याला आपल्या इथल्या शाळा आठवल्या तर नवल नाही.

आता आपल्याकडे वळू.

नीती आयोगाच्या 'अटल इनोव्हेशन मिशन'ने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी 'अटल टिंकरिंग लॅब' उघडायला सुरुवात केली. देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या. एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान: उभारणीसाठी आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळा उघडण्याची घोषणा झाली. घोषणा चांगली आहे आणि सरकारी शाळांसाठी आहे, म्हणजे आपल्याच मुलांसाठी आहे. आम्ही तिचे स्वागत करतो. पण थ्री-डी प्रिंटर स्वतः बोलत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आधीच तीन वर्ग, निवडणुकीची याद्या आणि पोषण आहाराचा हिशेब सांभाळत असतात. मग मुलांजवळ बसणार कोण? त्यासाठी २०१७ मध्ये 'मेंटॉर इंडिया' सुरू झाले. त्यातले मार्गदर्शक स्वयंसेवक असतात. त्यांनी हे काम विनामोबदला करायचे असते.

इथे आमचा मुख्य आक्षेप आहे. फुकट काम तोच करू शकतो ज्याच्या घरी चूल त्याच्या कमाईवाचून पेटते. कंपनीत स्थिरावलेला अभियंता शनिवारी दोन तास देऊ शकतो आणि त्याचे आम्हाला कौतुकच आहे. पण शेतमजुराची मुलगी, जी भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आहे आणि जिची महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी जमा झालेली नाही, तिने सुट्टीत फुकट मार्गदर्शन करावे ही अपेक्षाच क्रूर आहे. 'मानधन नाही, पण समाधान आहे' हे वाक्य आम्ही अनेक व्यासपीठांवरून ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या घरभाड्याची काळजी त्यात कधी दिसली नाही. या फुकटपणाचा दुसरा परिणाम मुलांवर होतो. वस्तीतल्या मुलांसमोर विज्ञान घेऊन येणारा माणूस नेहमी बाहेरचा, इंग्रजी बोलणारा, गाडीतून उतरणारा असतो. विज्ञान त्या माणसाचे आहे, हे मुले न सांगता शिकतात.

विद्यार्थ्यांना विज्ञान-संशोधनासाठी पैसे देणाऱ्या योजना आपल्याकडे नाहीत असे नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'इन्स्पायर' योजनेत मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजार रुपये मिळतात. त्यातले २० हजार उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी असतात. म्हणजे उन्हाळी संशोधनाला किंमत असते हे सरकारला ठाऊक आहे. पण ही शिष्यवृत्ती गुणवत्तेने मिळवायची तर बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात यावे लागते. त्याच योजनेतली अकरावीच्या मुलांची शिबिरेही दहावीच्या वरच्या एक टक्क्यासाठी. जो आधीच पोहोचला आहे त्याला पुढे न्यायचे, असा सगळा रोख. १९९३ पासूनची राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद त्या मानाने खुली: १० ते १७ वयाची मुले गटाने आपल्या भागातल्या प्रश्नावर, आपल्या भाषेत प्रकल्प करतात. पण तिथेही मार्गदर्शक शिक्षक मिळाला तरच. आणि 'होमी भाभा बालवैज्ञानिक' परीक्षेतल्या कृती-संशोधनाच्या प्रकल्पासाठी क्लासेस किती फी घेतात, हे मुंबई-ठाण्यातल्या पालकांना विचारा. प्रकल्प कोणाच्या हाताने होतो, हेही विचारा. परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांचा हेतू निश्चितच हा नव्हता.

मुंबईत एक विचित्र दृश्य आहे. महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, तुर्भे या पट्ट्यात भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. देशभरच्या ऑलिम्पियाडच्या मुलांची शिबिरे घेणारे, १९७४ मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिथेच, मानखुर्दला आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था तिथेच आहे. आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या विभागांमध्ये तळाला होता तोही हाच विभाग. डम्पिंग ग्राउंड त्यातच, कत्तलखाना त्यातच, पुनर्वसनाच्या दाटीवाटीच्या इमारती त्यातच. मे-जूनमध्ये देशातली सर्वांत हुशार मुले मानखुर्दच्या त्या केंद्रात प्रयोग करत असतात आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या बहुतेक मुलांना त्या इमारतीत काय चालते हे माहीत नसते. केंद्राचा यात दोष आहे असे आम्ही म्हणत नाही; त्यांची शिक्षकांसाठीची आणि मराठी पुस्तकांची कामे मोठी आहेत. पण त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंमध्ये ये-जा करणारी, पगारी, स्थानिक माणसे कोणी नेमलेली नाहीत. अशी माणसे त्या विभागातच राहतात. चेंबूर-वाशीच्या कॉलेजांत शिकतात.

पुण्यात आयुकामध्ये उन्हाळ्यात शाळेच्या मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम करू देण्याचा उपक्रम दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांनी रुजवला. आयसरचे विद्यार्थी 'दिशा' या नावाने वस्त्यांतल्या मुलांना शिकवतात. ही उदाहरणे चांगलीच आहेत. मात्र पहिल्यात मार्गदर्शक संस्थेचा पगारी शास्त्रज्ञ आहे आणि दुसऱ्यात स्वेच्छेने वेळ देणारा विद्यार्थी. ज्या विद्यार्थ्याला सुट्टीत कमावणे भागच आहे, तो या दोन्ही चित्रांत कुठेच नाही.

आमच्या भागातल्या विहारात गेल्या उन्हाळ्यात जे घडले ते इथे सांगायला हवे. शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेली एक मुलगी दुपारी आठवी-नववीची बारा-तेरा मुले जमवून बसायची. सुरुवातीला तिने पुस्तकातले प्रयोग करून दाखवले, मुले कंटाळली. मग एका मुलाने विचारले की आमचे घर पत्र्याचे आहे, त्याचे स्लॅबचे आहे, जास्त गरम कोणाचे? ती म्हणाली, मोजू या. पुढे जे झाले त्याला आम्ही संशोधनच म्हणू. साधे थर्मामीटर आणले. ते कुठे टांगायचे यावर अर्धा दिवस वाद झाला: भिंतीला चिकटून नको, चुलीजवळ नको, सगळ्यांच्या घरी जमिनीपासून सारख्याच उंचीवर. पहिल्याच दिवशी एका घराचा आकडा इतका जास्त आला की सगळे हसले. तिने सगळे थर्मामीटर एका बादलीत पाण्यात बुडवले. एक थर्मामीटर बाकीच्यांपेक्षा तीन अंश जास्त दाखवत होता. घर ठीक होते, यंत्र चुकीचे होते. त्या बादलीपाशी मुलांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. दुपारी दोनला आणि रात्री नऊला नोंदी सुरू झाल्या. दुपारी पत्रा जास्त तापायचा, हे सगळ्यांना अपेक्षित होते. रात्री नऊला मात्र स्लॅबचे घर जास्त गरम भरू लागले, कारण पत्रा भरभर तापतो आणि भरभर निवतो, स्लॅब दिवसभर उष्णता साठवून रात्री सोडत राहतो. हे तिने आधी सांगितले नव्हते. एका मुलीने आकडे पाहून स्वतः ओळखले. एका घरात पत्र्यावर ओली पोती टाकायचे ठरले होते, त्याचा परिणाम मोजायचा होता.

तो मोजायचा राहिला. सतराव्या दिवशी तिला एका दुकानात महिना नऊ हजारांवर काम मिळाले आणि ती गेली. वडिलांचे काम सुटले होते, आम्ही तिला थांब म्हणू शकलो नाही. मुले दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी कोणी आले नाही.

त्या मुलीची वृत्ती, वेळ, विषयाचे ज्ञान, मुलांचा लळा यात काही कमी नव्हते. महिन्याला नऊ हजार कमी पडले.

आपल्याला या गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमरावाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले, त्यांनी त्याला पुस्तके दिली, मॅट्रिकनंतर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकला, हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. तिकडे बंगालमध्ये मेघनाद साहा या मागास समजल्या जाणाऱ्या जातीतल्या, किराणा दुकानदाराच्या मुलाला गावाबाहेरच्या शाळेत शिकता आले, कारण एका डॉक्टरने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे सोडवणारे समीकरण पुढे त्यांच्या नावाने ओळखले गेले. पण केळुसकर भेटणे हा योगायोग होता. योगायोगावर समाज किती दिवस चालणार, हे बाबासाहेबांनीच ओळखले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२ मध्येच त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये अशी मागणी आहे. विज्ञानाचे शिक्षण महाग असते आणि सरकारी मदतीशिवाय ते आपल्या मुलांच्या आवाक्यात येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी नुसते आवाहन केले नाही, रक्कम लिहिली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्यानंतर दोन वर्षांत सुरू झाली.

ऐंशी वर्षांनंतर वरच्या विज्ञान संस्थांमध्ये चित्र काय आहे? 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये याचा लेखाजोखा मांडला. आरक्षण कायद्याने १५ आणि साडेसात टक्के असताना, नामांकित संस्थांच्या प्राध्यापकांत दलित-आदिवासींचे प्रमाण त्याच्या आसपासही नाही आणि शिक्षणाची पायरी जसजशी वर जाते तसतसे ते कमी होते. त्याआधी २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल प्रा. सुखदेव थोरात समितीने दिलेला अहवाल आठवा. शिक्षकांकडून इतर विद्यार्थ्यांना सहज मिळणारी मदत आणि मार्गदर्शन अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळत नव्हते, हे त्यात नोंदले आहे. प्रवेश मिळाला तरी जवळ बसून सांगणारे कोणी नाही, ही तक्रार तिथेही होती आणि आमच्या विहारातही तीच आहे.

मग करायचे काय? नवी योजना, नवे महामंडळ, नवा लोगो यातले काहीच लागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात आता पदवीच्या विद्यार्थ्यांना 'ऑन जॉब ट्रेनिंग', क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज-सहभागाची श्रेयांके मिळवावी लागतात. यूजीसीच्या हिशेबाने एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांच्या इंटर्नशिपला १२० तास. ग्रामीण भागातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही इंटर्नशिप मिळता मिळत नाही. ओळखीच्या मेडिकल दुकानातून सही-शिक्का आणून फाइल पूर्ण करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. आठवड्याला २० तास धरले तर १२० तास म्हणजे बरोबर सहा आठवडे, शाळांची उन्हाळी सुट्टीही साधारण तेवढीच. वस्तीतल्या मुलांना संशोधनाचे मार्गदर्शन करणे हे काम विद्यापीठांनी या श्रेयांकांसाठी मान्य करावे. आणि त्याचा मोबदला 'कमवा व शिका'तून द्यावा. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली, आपल्या हजारो मुलांना तिने शिकवले आहे. पण तिच्यात मिळणारी कामे आमच्या पाहण्यात अजूनही बाग, ग्रंथालय, कार्यालय आणि साफसफाई हीच असतात, आणि सुट्टीत ती बंदच पडते. बागकाम करून शिकण्यात कमीपणा नाही. पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तासाचे पैसे भौतिकशास्त्रासाठी का मिळू नयेत?

रकमेचा हिशेब करू. तासाला १०० रुपये हा आम्ही सुचवलेला दर. १२० तासांचे १२ हजार. एका गटाला दोन मार्गदर्शक म्हणजे २४ हजार, वर थर्मामीटर, बाटल्या, वह्या, झेरॉक्स यासाठी सहा हजार. तीस हजारांत पंधरा-वीस मुलांचे सहा आठवडे. एका टिंकरिंग लॅबच्या वीस लाखांत १६६ मार्गदर्शकांचा उन्हाळा निघतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये 'लाडकी बहीण' योजनेकडे वळवल्याबद्दल खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. त्या रकमेला तीस हजारांनी भागून पाहा: एक लाख छत्तीस हजार गट. एवढे गट राज्याला लागणारही नाहीत. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळांपासून सुरुवात केली, तर त्या रकमेच्या व्याजातही भागेल.

या सूचनेला काही रास्त आक्षेप आहेत. बीएस्सीच्या मुलालाच संशोधन येत नाही, तो काय शिकवणार? खरे आहे. आपल्या अनेक कॉलेजांत प्रात्यक्षिक म्हणजे मागच्या वर्षीचे जर्नल उतरवून काढणे. त्यामुळे आधी आठवडाभर प्रशिक्षण हवे आणि ते देण्याची क्षमता विद्यापीठांच्या विभागांत, होमी भाभा केंद्रात, आयुकात आहे. बार्टीची अधिछात्रवृत्ती घेऊन पीएचडी करणारे शेकडो संशोधक आहेत. प्रत्येकाने दोन मार्गदर्शकांवर लक्ष ठेवले तरी पुष्कळ झाले. दुसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मार्गदर्शक कधीही एकटा नको, दार उघडे हवे, वस्तीतली एक तरी आई तिथे बसलेली हवी, पोलीस पडताळणी हवी. तिसरा आक्षेप आमचाच आहे. सरकारी पैसे जुलैत मंजूर होऊन पुढच्या मार्चमध्ये आले तर उपयोग शून्य. हा पगार दर शनिवारी हातात पडला पाहिजे, नाहीतर मुलगी पुन्हा दुकानात जाणार. आणि केटरिंगच्या भर सीझनइतके पैसे यात सुटणार नाहीत, हेही मान्य करू. पण पुढे एमएस्सीच्या किंवा पीएचडीच्या मुलाखतीत 'तुम्ही संशोधनाचे काय काम केले' असे विचारतात, तेव्हा तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

सरकारची वाट न पाहता जे होऊ शकते त्यासाठी आम्ही आमच्या भागातल्या दोन जयंती मंडळांशी बोललो. डीजेच्या एका रात्रीचे भाडे किती असते हे आम्ही इथे लिहीत नाही, मंडळांच्या कार्यकर्त्यांना ते चांगले माहीत आहे. एका मंडळाने शिल्लक वर्गणीतून पंधरा हजार रुपये द्यायचे कबूल केले आहे. त्यातून या सुट्टीत एक मार्गदर्शक नेमता येईल, दोन नाही; दुसऱ्याच्या जागी दोन शिक्षिका आळीपाळीने बसायला तयार झाल्या आहेत. पत्र्याच्या घरांच्या नोंदींची वही विहाराच्या कपाटात आहे. ओल्या पोत्यांपासून पुढे सुरू करायचे आहे. दुसऱ्या मंडळाने 'पुढच्या वर्षी बघू' असे सांगितले. त्यांची पुढच्या जयंतीची पहिली बैठक जानेवारीत असते. तेव्हा आम्ही मुलांना आणि ती वही घेऊन जाणार आहोत.